आधी व्हर्निअर पुसा

मुलाखतीच्या तयारीबद्दल प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत 'आत्मविश्वास कसा वाढवू?' हे वाक्य इतक्यांदा आलं की मोजायचं सोडून दिलं. चाकण-भोसरी पट्ट्यात माणसं निवडण्याचं काम मी वीसेक वर्षं केलं. टेबलाच्या पलीकडे बसून एक गोष्ट कळली. आत्मविश्वास हा वेगळा आणून अंगावर चढवायचा कोट नाही. ज्याला स्वतःच्या कामाचा तपशील ठाऊक असतो, त्याची जीभ सहसा अडखळत नाही. अडखळली तरी तो पुन्हा रुळावर येतो.

मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय. दीड वर्ष एका छोट्या वर्कशॉपमध्ये क्वालिटीला होतो. शिक्षण मराठी माध्यमातलं. 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' म्हटलं की पाठ केलेलं सगळं उडून जातं. इंग्रजीचा क्लास लावू का? (बार्शी)

लावा की. पण पंधरा दिवसांवर मुलाखत असेल तर त्याचा उपयोग नाही. आणि तुमचं दुखणं इंग्रजी नसून पाठांतर आहे. 'आय बिलाँग टू अ मिडल क्लास फॅमिली, माय फादर इज अ फार्मर, माय हॉबी इज लिसनिंग म्युझिक' हे मी इतकं ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. त्यात उमेदवार कुठेच नसतो. नाव बदललं की पुढच्याला तेच लागू.

एक कागद घ्या आणि त्या दीड वर्षाचा हिशेब मांडा. कुठला जॉब तपासत होतात? दिवसाला किती नग? कोणत्या मापावर टॉलरन्स (मापात चालणारा फरक) सगळ्यात कडक होता? माल रिजेक्ट व्हायचा तो कशामुळे: टूल झिजल्यामुळे, क्लॅम्पिंग सैल राहिल्यामुळे, की ड्रॉइंगची जुनी प्रत मशीनवर राहिल्यामुळे? तुम्ही स्वतः पकडलेली एक चूक आठवा. मग हे सगळं मोठ्याने, मराठीत, घरातल्या कुणालातरी सांगा. आईला सांगा. तिला समजलं तर समोरच्या इंजिनिअरलाही समजेल. त्यानंतर इंग्रजी करा. बोअर, बर, रिवर्क, रनआउट हे शब्द तुम्ही रोज वापरताच, मधली वाक्यं तेवढी जुळवायची. दीड-दोन मिनिटांपुरतं पुष्कळ झालं.

एक मुलगा आठवतो. क्वालिटी इन्स्पेक्टरची जागा होती. इंग्रजीतले पहिले दोन प्रश्न त्याने घालवले, मान खाली. आमच्या प्लँटच्या साहेबांनी काही न बोलता त्याच्या हातात व्हर्निअर (बारीक माप घ्यायची जबड्यांची पट्टी) आणि एक बुश, म्हणजे नळीसारखा छोटा सुटा भाग, ठेवला. त्याने आधी खिशातला रुमाल काढून जबडे पुसले. मग जबडे मिटवून उजेडाकडे धरले आणि शून्यावर शून्य बसतंय का ते पाहिलं. त्यानंतर बुशचं माप एकाच जागी न घेता फिरवून तीन ठिकाणी घेतलं. 'सर, याचा लीस्ट काउंट, म्हणजे सगळ्यात बारीक माप, शून्य पूर्णांक शून्य दोन मिलिमीटर आहे. याहून बारीक बघायचं असेल तर मायक्रोमीटर द्या,' हे त्याचं पहिलं धड वाक्य, तेही मराठीत. त्यानंतर साहेबांनी त्याला इंग्रजीत काही विचारलंच नाही.

शॉपफ्लोअरच्या जागेसाठी 'सर, हे मराठीत सांगू का?' असं विचारण्यात कमीपणा नाही. जिथे परदेशी ग्राहकाचं ऑडिट सांभाळायचं आहे किंवा रोज ई-मेल लिहायचे आहेत, तिथे मात्र इंग्रजी हाच कामाचा भाग आहे. त्या जागेसाठी क्लास जरूर लावा.

चार वर्षं पुण्यात राहून एमपीएससी केली. एकदा मुख्य परीक्षेपर्यंत गेलो. आता अठ्ठावीस पूर्ण. खासगी कंपनीत ही चार वर्षं कशी झाकू? मित्र म्हणतो, एखादं अनुभवपत्र मिळवून देतो. (लातूर)

झाकू नका. ते अनुभवपत्र तर मुळीच नको. आजकाल बऱ्याच कंपन्या जुन्या नोकरीची पडताळणी करतात, पीएफच्या यूएएनवर (नोकरी बदलली तरी तोच राहणारा खाते क्रमांक) नोकरीच्या तारखाही दिसतात. कामावर रुजू झाल्यावर पकडलं गेलं तर हातची नोकरी जाते आणि मागे शेरा उरतो.

या पट्ट्यात एमपीएससी करून आलेला मुलगा काही नवलाचा नाही. अभ्यासिकेत बारा-बारा तास काढून हात रिकामा ठेवून आलेली मुलं आम्ही दर महिन्याला बघतो. त्या चार वर्षांचा आम्हाला राग येत नाही, आयोगाला शिव्या घालत बसणाऱ्याचा येतो. 'चार वर्षं तयारी केली, एकदा मुख्य परीक्षा दिली, पुढे जमलं नाही, आता थांबलोय' एवढं सरळ सांगा आणि पुढचं वाक्य या नोकरीबद्दल बोला.

खरा प्रश्न त्यानंतर येतो: 'जाहिरात निघाली तर पुन्हा फॉर्म भरणार का?' कारण माणूस सहा महिन्यांत निघून गेला की शिकवलेलं सगळं वाया. याचं उत्तर मुलाखतीच्या खोलीत शोधू नका. आदल्या दिवशी घरी, स्वतःशी ठरवा. ठरलं नसेल तर ते चेहऱ्यावर दिसतं, तुम्ही काहीही बोला.

सरकारी बँकांत अधिकारी (पीओ) होण्यासाठीची आयबीपीएसची मुख्य परीक्षा पास झाले. मी सिव्हिल इंजिनिअर. पॅनेल 'मग बँकेत का?' असं विचारणार, हे नक्की. काय सांगू? (सातारा)

अभिनंदन. आधी गणित: मुलाखत 100 गुणांची, अंतिम यादीत मुख्य परीक्षेला 80 आणि मुलाखतीला 20 टक्के वजन. मुलाखतीत खुल्या वर्गाला किमान 40 टक्के लागतात, राखीव वर्गाला 35. म्हणजे बरंचसं ओझं तुम्ही आधीच उतरवलंय. पण यादीत मागे-पुढे होणं दोन-चार गुणांवर ठरतं, म्हणून गाफील राहू नका.

'समाजसेवा करायची आहे' हे उत्तर पॅनेल सकाळपासून ऐकत असतं. तुम्ही सिव्हिलच्या आहात ना, मग गृहकर्जाच्या फाइलमध्ये काय काय असतं ते बघून जा. मंजूर नकाशा, अंदाजपत्रक, बांधकामाच्या टप्प्यानुसार सुटणारे हप्ते. साइटवर स्लॅब खरंच पडलाय की कागदावर, हे तुम्हाला इतरांपेक्षा लवकर कळेल. तिथून सुरुवात करा.

बाकी घराजवळचं नीट करा. सातारच्या उमेदवाराला जिल्ह्याची लीड बँक, म्हणजे जिल्ह्यातल्या बँकांच्या कामाचा मेळ घालणारी बँक, कोणती ते माहीत हवं (बँक ऑफ महाराष्ट्र). ही बँक 1935 साली पुण्यात स्थापन झाली आणि 19 जुलै 1969 ला राष्ट्रीयीकरण झालेल्या 14 बँकांपैकी एक. ठेवींना विमा किती, पाच लाखांपर्यंत. प्राधान्य क्षेत्राला (शेती, लहान उद्योग वगैरे) 40 टक्के कर्ज का द्यावं लागतं, तेही समजून घ्या. रेपो दर मात्र त्या दिवशी सकाळी पाहून जा, आठवड्यापूर्वीच्या टिपणावर विसंबू नका. आणि येत नसेल ते 'माहीत नाही सर' म्हणून सोडून द्या. अंदाज ठोकणाऱ्याला पॅनेल त्याच वाटेने आणखी खोल नेतं. मजा येते त्यांना, खोटं कशाला सांगू.

मुलासाठी सहा वर्षं घरी होते. अकाउंट्समध्ये परत यायचंय. गेल्या दोन्ही मुलाखतींत 'मूल आजारी पडलं तर?' असं विचारलं. संताप येतो. (नाशिक)

यायलाच हवा. त्याच वयाच्या बापाला हे विचारलेलं मी तरी ऐकलं नाही. नोकरी हवीच असेल तर एका वाक्यात मिटवा: 'घरी व्यवस्था आहे, ऑफिसची वेळ मी पाळेन.' सासूबाई, पाळणाघर, नवऱ्याची शिफ्ट, हे सगळं उलगडून सांगू नका. एकदा सुरू झालं की मुलाखत स्वयंपाकघरात जाते. लगेच कामावर या. तुम्ही घरी बसलात ते जीएसटी लागू झाल्यानंतर की आधी, हे मला माहीत नाही, पण रिटर्न, ई-इनव्हॉइस, टॅलीची नवी आवृत्ती यांवर महिनाभर हात बसवून जा. ओळखीच्या सीएकडे पंधरा दिवस बसलात तर उत्तम. 'गेल्याच महिन्यात मी अमुक केलं' हे वाक्य बोलता आलं की ती सहा वर्षं मागे पडतात.

दुसऱ्या मुलाचा बेत विचारला तर 'ते खासगी आहे' म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. त्यावर ज्यांचं तोंड वाकडं होतं, तिथे न मिळालेली नोकरी बरी.

अपेक्षित पगार किती सांगावा? मागच्या वेळी 'चार लाख ऐंशी हजार' ऐकून हो म्हटलं आणि हातात चाळीसच्या ऐवजी चौतीस आले. (पिंपरी)

वार्षिक सीटीसीला (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) बाराने भागून घरचे हप्ते ठरवलेत, म्हणून फसलात. महिन्याचे 40,000 असतील आणि बेसिक त्याच्या निम्मं, 20,000, तर कंपनीचा पीएफ 12 टक्के म्हणजे 2,400 त्यातच धरलेला असतो. ग्रॅच्युइटीचे 4.81 टक्के, साधारण 962, तेही. मग तुमचा स्वतःचा पीएफ 2,400 आणि व्यवसाय कर 200. राहिले 34,038. त्यात 'व्हेरिएबल' नावाचा, कामगिरीवर ठरणारा भाग असला तर आणखी कमी.

म्हणून आकडा सांगताना 'हातात इतके हवेत' असं बोला आणि पगाराची फोड लेखी मागा. एचआरला त्याचं काही वाटत नाही. मी स्वतः एचआर होतो, विचारणारा माणूस आम्हाला हिशेबी वाटायचा.

घर एकाच खोलीचं आहे आणि मुलाखत व्हिडिओ कॉलवर. (डोंबिवली)

सुरुवातीलाच सांगा, 'घर लहान आहे, मागे आवाज येईल.' पाठीमागे भिंत घ्या, खिडकी समोर. मोबाइल हातात धरू नका, डब्यांवर टेकवा. कुकर मात्र आधी लावून घ्यायला सांगा.

मुलगा भित्रा आहे. मुलाखतीला मी सोबत आले तर चालेल का? (सांगली)

गेटपर्यंत या. आतमध्ये नको. आणि परत येताना 'काय विचारलं?' हे लगेच विचारू नका, आधी चहा घेऊ द्या त्याला.