मंत्री येणार म्हणून नोटीस?

प्रश्न : मंत्र्यांच्या दौऱ्याच्या आदल्या रात्री साडेनऊला हवालदार घरी आले आणि मुलाची कलम 168 च्या नोटिशीवर सही घेऊन गेले. त्याला कांद्याच्या भावाचं निवेदन द्यायचं होतं, बस्स. त्याच्यावर गुन्हा लागला का? – एक आई, निफाड

उत्तर : नाही हो, ताई. सही म्हणजे नोटीस मिळाल्याची पोच, कबुली नव्हे. 168 हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम; 1 जुलै 2024 पूर्वी हीच नोटीस जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 149 ची म्हणायचे. वकिलीत अशा ढीगभर पाहिल्या : मजकूर छापील, नाव तेवढं निळ्या पेनाने. एकीवर तर आधीच्याच मोर्चाची तारीख खोडायची राहिली होती! कलम आहे दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) रोखण्यासाठी. निवेदन देणं हा गुन्हाच नाही. शांतपणे, विनाशस्त्र जमायचा हक्क संविधानाच्या 19 व्या अनुच्छेदात आहे.

मात्र महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली जमावबंदी आहे का, ते ठाण्यात विचारा. ती मोडली तर खरंच गुन्हा होतो. 15 दिवसांपुढे ती ताणायला सरकारची मंजुरी लागते, म्हणून आदेशावरची तारीख बघा.

मुलाला खबरदारी म्हणून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 170 खाली उचललंच, तर तेवढ्यावर 24 तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. आणि नोटिशीची प्रत दिली नसेल, तर उद्याच लेखी मागा.