फॉरमॅट न मारता विंडोज ११ दुरुस्त करता येईल का?

कोल्हापूरच्या राजारामपुरीत आपले पत्रिकाछपाईचे दुकान आहे, विंडोज ११ चे अपडेट चालू असताना लाइट गेली आणि तेव्हापासून स्टार्ट मेनू उघडत नाही, सेटिंग्ज उघडताच मिटते व पुढचे अपडेटही होत नाही, असे आपण लिहिले आहे. दुरुस्तीवाला ‘फॉरमॅट मारावा लागेल’ म्हणतो. कोरलड्रॉ, जुने मराठी फॉन्ट, टॅली आणि प्रिंटरवर बसवलेली कागदाची मापे यांतले काही न गमावता दुरुस्ती होईल का, हा आपला प्रश्न आहे.

बहुतेक होईल, कारण आपला संगणक अजून डेस्कटॉपपर्यंत पोहोचतो. फाइली, प्रोग्राम आणि सेटिंग्ज ही तिन्ही राखून विंडोज पुन्हा बसवण्याची सोय फक्त चालू असलेल्या विंडोजच्या आतून मिळते. पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केला की ती मिळत नाही. म्हणून हा प्रकार उरकेपर्यंत ‘पेनड्राइव्ह लावून बघतो’ म्हणणाऱ्या कोणाच्याही हाती संगणक देऊ नका. मी शाहूपुरीतल्या काही पेढ्यांचे आणि उद्यमनगरातल्या छोट्या कारखान्यांचे संगणक सांभाळतो, त्यामुळे दुरुस्तीवाल्याची बाजूही मला ठाऊक आहे. फॉरमॅटला किती वेळ लागणार हे त्याला आधी सांगता येते, आणि दुरुस्तीला ते सांगता येत नाही. त्याचे चुकते असे नाही, पण त्याची सोय आणि आपली सोय एक नव्हे.

पहिले काम बाहेरच्या हार्ड डिस्कवर नक्कल घेण्याचे. डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप सगळेच घेतात. राहते ते दुसरेच. टॅलीत कंपनी निवडण्याच्या पडद्यावर डेटाचा मार्ग दिसतो, तो पाहून ते फोल्डर उचला. फॉन्ट दोन ठिकाणी असू शकतात: सर्वांसाठी बसवलेले सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरातील फॉन्ट्समध्ये, आणि फाइल उघडून नुसते ‘इन्स्टॉल’ दाबलेले बहुधा आपल्या खात्याच्या लपवलेल्या अ‍ॅपडेटा फोल्डरात, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज अशा पायऱ्या उतरल्यावर. पत्रिकेच्या धंद्यात हा दुसरा साठाच मोठा निघतो, आणि नक्कल घेताना नेमका तोच सुटतो. कोरलड्रॉची स्वतः लावलेली मांडणीही अ‍ॅपडेटातच असते. प्रिंटरच्या मापांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय, चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या आणि दुरुस्तीपुरते ते स्थगित करा. ती की हाती नसताना संगणकाने ती मागितली, तर डिस्क धड असूनही आतले काही वाचता येणार नाही.

त्यानंतर डिस्कची तब्येत पाहावी. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन डिस्क निळी दाखवत असेल तर पुढे जा. पिवळी किंवा लाल दाखवत असेल तर दोष विंडोजचा नसून डिस्कचा असू शकतो, आणि मरणाऱ्या डिस्कवर दुरुस्ती चालवणे म्हणजे तिच्यावर उरलेला सगळा भार एकदम टाकणे. तेव्हा आधी नवी डिस्क (एसएसडी) बसवा. एक नवे वापरकर्ता खातेही उघडून पाहा. त्यात स्टार्ट मेनू नीट उघडला तर बिघाड जुन्या खात्यापुरता आहे. आपले अपडेटही अडते आहे, म्हणून मला तसे वाटत नाही.

आता खरी दुरुस्ती. स्टार्ट मेनूवाचून काम होते: विंडोजची कळ आणि आर दाबा, चौकटीत सीएमडी (cmd) लिहा आणि नुसते एंटर न दाबता कंट्रोल व शिफ्ट धरून एंटर दाबा, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराची काळी खिडकी उघडते. तिच्यात पहिली आज्ञा ‘डिसम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ’ (DISM /Online /Cleanup-Image /RestoreHealth) आणि ती संपल्यावर दुसरी ‘एसएफसी /स्कॅननाऊ’ (sfc /scannow). दोन्ही अर्थात इंग्रजी अक्षरांत, तिरप्या रेघेच्या आधी एक जागा सोडून. पुष्कळ जण दुसरीच तेवढी चालवतात आणि ‘काही उपयोग झाला नाही’ म्हणून सोडून देतात. एसएफसी बिघडलेल्या सिस्टिम फाइलीच्या जागी चांगली प्रत ठेवते, पण ती प्रत विंडोजच्याच विनएसएक्सएस नावाच्या कोठारातून आणते. अपडेट अर्ध्यात तुटले की बिघाड अनेकदा त्या कोठारातच शिरतो, आणि तो डिसम दुरुस्त करते. त्यासाठी ती विंडोज अपडेटकडून चांगल्या फाइली उतरवून घेते, म्हणून इंटरनेट चालू हवे. डिसमचा आकडा ६२.३ टक्क्यांवर बराच वेळ थांबलेला दिसला तर घाबरून खिडकी बंद करू नका.

एवढ्यावर भागले नाही, आणि आपल्या लक्षणांवरून न भागण्याचीच शक्यता अधिक आहे, तर त्याच जागी विंडोज पुन्हा बसवावी लागेल. विंडोज ११ च्या २२एच२ पासूनच्या आवृत्त्यांत ही सोय सेटिंग्जमधील रिकव्हरीच्या पानावरही आली आहे, पण आपली सेटिंग्जच मिटते, त्यामुळे आयएसओची, म्हणजे विंडोज बसवण्याची सगळी सामग्री एकत्र असलेल्या फाइलीची, वाट धरा. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विंडोज ११ ची आयएसओ फाइल उतरवा. ती कित्येक जीबीची असते आणि सी ड्राइव्हवर याखेरीज निदान २५-३० जीबी मोकळी जागा असावी. बाहेरून घेतलेला अँटिव्हायरस काढून टाका, डोंगल व जादा यूएसबी साधने उपसा, आणि यूपीएसची बॅटरी खरोखर टिकते का ते आधीच तपासा, कारण कोल्हापूरच्या जुलैतल्या पावसात तिच्यावरच सगळी भिस्त असते. मग त्या फाइलीवर दोनदा क्लिक केले की ती एखाद्या डीव्हीडीसारखी उघडते. तिच्यातील सेटअप चालवा. सुरुवातीच्या पडद्यावर अपडेट उतरवण्याची पद्धत बदलण्याचा बारीक अक्षरांतला दुवा असतो, तिथे ‘आत्ता नको’ या अर्थाचा पर्याय घ्या. शेवटच्या, ‘रेडी टु इन्स्टॉल’ पडद्यावर ‘कीप पर्सनल फाइल्स अँड अ‍ॅप्स’ ही ओळ बरोबरच्या खुणेसह दिसलीच पाहिजे. ती दिसल्याखेरीज इन्स्टॉल दाबायचे नाही.

हा पर्याय फिका पडून निवडता येत नसेल, तर तीन गोष्टी पाहा. विंडोजच्या होम व प्रो या प्रकारांची गफलत, आयएसओची आवृत्ती चालू विंडोजपेक्षा जुनी असणे, किंवा भाषेतला फरक. पहिल्या दोहोंसाठी विंडोज आणि आर दाबून ‘विनव्हर’ (winver) लिहावे, उत्तर समोर येते. भाषा मात्र आपल्याकडे हमखास अडवते, कारण संगणक ‘इंग्लिश युनायटेड स्टेट्स’चा असतो आणि उतरवलेली आयएसओ ‘इंग्लिश इंटरनॅशनल’ निघते, किंवा उलट. ‘डिसम /ऑनलाइन /गेट-इंटल’ (DISM /Online /Get-Intl) या आज्ञेने मूळ भाषा कळते. तेवढ्यासाठी पुन्हा सगळी आयएसओ उतरवायला लागली तरी उतरवावी.

हे सर्व करताना सेटअप नवे विंडोज फोल्डर घालते, जुने ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाने बाजूला ठेवते आणि आपली खाती, प्रोग्राम व रजिस्ट्रीतील (विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीतील) नोंदी नव्यात आणते. मध्ये अपयश आले तर ते सहसा आपणहून जुन्या स्थितीवर परतते. परवानाही तोच राहतो. फॉरमॅट मारताना होमचा परवाना असलेल्या संगणकावर कोठून तरी आणलेली प्रो घातली जाते, हा प्रकार मी इतक्यांदा पाहिला आहे की त्याचे आता नवल वाटत नाही.

‘रीसेट धिस पीसी’मधल्या ‘कीप माय फाइल्स’वर मात्र विसंबू नका. त्यात वैयक्तिक फाइली राहतात, पण कोरलड्रॉ, टॅली आणि फॉन्टचे सॉफ्टवेअर जाते, आणि जुन्या मराठी सॉफ्टवेअरची सीडी किंवा नोंदणी आज सापडेलच असे नाही.

यादरम्यान विंडोज सुरूच होईनाशी झाली, तर निळ्या रिकव्हरी पडद्यावरून ताजे क्वालिटी अपडेट काढून पाहा, मग सिस्टिम रिस्टोअर, म्हणजे विंडोजला आधीच्या स्थितीत परत नेणे. तेही न जमल्यास डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून फाइली काढून घ्या, आणि मगच फॉरमॅटला होकार द्या.

दुरुस्ती झाल्यावर अपडेट पूर्ण करून घ्या, अँटिव्हायरस पुन्हा घाला, बिटलॉकर स्थगित केले असेल तर ते पूर्ववत करा आणि एक जुनी पत्रिका उघडून छापून पाहा, म्हणजे फॉन्ट आणि माप दोन्ही तपासले जातात. ‘विंडोज डॉट ओल्ड’ जागा खाते म्हणून लगेच पुसू नका. विंडोज ते १० दिवसांनी स्वतःच काढते, आणि तोवर मागे जाण्याची वाट खुली असते.