माझदा आरएक्स-८ ला, म्हणजे रोटरी इंजिनच्या गाडीला, टर्बो बसवला तर इंजिन टिकेल का? ट्यूनर म्हणतो ७ पीएसआय बूस्टने (टर्बोच्या हवेच्या जादा दाबाने) काही होत नाही, पेट्रोलचा पंपसुद्धा आहे तोच चालेल.

"पंप आहे तोच चालेल" हे वाचलं आणि राहवलं नाही, कारण अगदी हेच मी २०१७ ला ऑकलंडमध्ये ऐकलंय आणि त्यापायी एक इंजिन घालवलंय.

माझी पण आरएक्स-८च, सहा पोर्टवाली (हवा आत घेणारी सहा तोंडं) मॅन्युअल. टर्बो, इंटरकूलर, मोठे इंजेक्टर सगळं बसवलं, फक्त टाकीतला पंप कंपनीचाच राहिला. सहा आठवडे गाडी काय ओढायची म्हणून सांगू, खालच्या आरपीएमला आरएक्स-८ मध्ये जो जीव नसतो तो एकदम आला होता. मग एका रविवारी मोटरवेवर चढताना तिसऱ्या गिअरमध्ये ७००० च्या जवळ एकच बारीक टक् झालं आणि गाडी ढिली पडली. धूर नाही, मोठा आवाज नाही, फक्त घरी येईपर्यंत सिग्नलला अख्खी गाडी थरथरत होती.

दुसऱ्या दिवशी प्लग काढून स्टार्टर मारला. या इंजिनात पिस्टनऐवजी दोन तिकोनी रोटर फिरतात. पुढच्या रोटरला फस् फस् फस् असा एकसारखा ताल, मागच्याला एक जोरात फस् आणि पुढचे दोन नुसते पोकळ. रोटरला तीन बाजू, आणि प्रत्येक अ‍ॅपेक्स सील (टोकावरची पट्टी) दोन बाजू मिळतात त्या कोपऱ्यावर, त्यामुळे एक सील गेलं की दोन कप्पे गळतात. तिथेच कळलं.

ट्यूनरला फोन केला तर म्हणाला, रोटरी आहे, फुटायचीच. हे वाक्य मला आजही झोंबतं. १९९१ ला माझदाची ७८७बी चार रोटरवर, तीही टर्बोशिवाय, ले मानला २४ तास पळून पहिली आली, आणि हा मला सांगतो रोटरी फुटायचीच!

माझ्याकडे वाइडबँडचा (हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणाऱ्या सेन्सरचा) लॉग होता. ६५०० पर्यंत एअर-फ्युएल रेशो ११.३ च्या आसपास सरळ, त्याच्या पुढे रेष चढत चढत १३ च्या वर. म्हणजे वर बूस्ट पूर्ण आणि पेट्रोल कमी. ट्यूनर म्हणाला सेन्सर खराब असेल. मी इंजिन उतरवलं, खोललं. मागच्या सीलच्या कोपऱ्याचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा गायब, हाऊसिंगच्या (रोटर ज्यात फिरतो त्या कवचाच्या) क्रोमवर त्याचा ओरखडा, नख फिरवलं की अडकायचं. पप्पांची कोल्हापूरला उद्यमनगरात इंजिनकामात हयात गेली, रोटरी त्यांनी कधी हातात घेतलेली नाही, पण व्हिडिओ कॉलवर तो लॉग आणि हाऊसिंग बघून म्हणाले, "इंजिन फुटलं नाही बाळा, उपाशी मारलंय त्याला."

मग नवीन सील, दुसरं हाऊसिंग घालून इंजिन परत बांधलं. टर्बो तोच, बूस्ट तेच ७. बदललं काय तर मोठा पंप, त्याला बॅटरीवरून वेगळी वायर आणि रिले, आणि दुसऱ्या माणसाकडून मॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं पेट्रोल-स्पार्कचं सेटिंग). ३१,००० किलोमीटर झाले, सहाही कप्प्यांचं कॉम्प्रेशन चांगलं आहे. आता सांगा दोष कुणाचा होता.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर बूस्टच्या आकड्यावर जाऊच नका. पिस्टन इंजिन थोडं नॉकिंग (आत पेट्रोल आपोआप भडकणं) सहन करतं, रोटरीचं सील नाही करत. त्यात तुमच्या रेनेसिसचं (आरएक्स-८ च्या इंजिनचं) कॉम्प्रेशन १०:१, एफडी (शेवटच्या पिढीच्या) आरएक्स-७ ला कंपनीनेच टर्बो दिला तेव्हा ९:१ ठेवलं होतं. शिवाय रेनेसिसचे एक्झॉस्ट पोर्ट साइड प्लेटमध्ये, मधल्या प्लेटमधून दोन्ही रोटरचा धूर एकाच वाटेने जातो, तिथे उष्णता मरणाची. म्हणजे चुकायला जागा कमी. पंप, वाइडबँड, ९८ ऑक्टेनचं पेट्रोल, हात राखून दिलेलं स्पार्कचं टायमिंग, हे आधी. सीलना तेल मिळावं म्हणून मी टाकीत टू-स्ट्रोक ऑइल पण घालतो. जो ट्यूनर पंपाचे पैसे वाचवायला सांगतो त्याच्याकडे गाडी देऊ नका, मग त्याचं नाव कितीही मोठं असू दे.

हां, एक मान्य करतो, माझ्या दुसऱ्या वेळेला सीलही नवी होती, तुमची जुनी असतील तर माझे किलोमीटर धरून चालू नका. आणि तुम्ही न्यूझीलंडमध्ये असाल तर नंतर बसवलेल्या टर्बोला लो व्हॉल्यूम सर्टिफिकेशन (बदल केलेल्या गाडीचा दाखला) लागतं, नाहीतर वॉरंटला (गाडीच्या ठराविक तपासणीला) अडकाल, इन्शुरन्सवाल्यांनाही आधी कळवा.

सगळ्यात आधी रोटरीच्या टेस्टरवर कॉम्प्रेशन काढा. साधा गेज तीनपैकी सगळ्यात चांगल्या कप्प्याचा आकडा दाखवतो आणि फसवतो. २५० आरपीएमला ६८० किलोपास्कलच्या खाली एकही कप्पा असेल तर टर्बोचा विषय सोडा, आधी इंजिन बांधा. सहाही आकडे खाली कमेंटमध्ये टाका, मग पंप कुठला घ्यायचा ते सांगतो.