सॅकमध्ये मावेल असं युकुलेले घरी बनवता येईल का? लाकूड आणि मापं कशी ठरवायची?

तुम्ही नागपुरातच राहता, घरी सुतारकामाची साधी अवजारं आहेत आणि प्रवासात नेता येईल असं छोटं युकुलेले, म्हणजे चार तारांचं गिटारसारखं वाद्य, स्वतः करायचंय, असं लिहिलंय. जरूर करा. मी माझं असंच केलंय आणि विदर्भ एक्सप्रेसच्या वरच्या बर्थवरही ते मजेत वाजवता येतं.

वाद्य लहान करायचं म्हणून तारेची लांबी मात्र कमी करू नका. सोप्रानो, म्हणजे नेहमीच्या लहान आकाराच्या युकुलेलेत मेरूपासून (मानेच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) घोडीपर्यंतचं (पोटावरची, तारा टेकतात ती पट्टी) अंतर साधारण ३४५ मिलिमीटर असतं, ते तेवढंच ठेवा. आखूड केलंत तर त्याच सुराला तारा सैल पडतात आणि उंच सुरांच्या पडद्यांत (मानेवरच्या आडव्या पट्ट्यांत) बोटं मावत नाहीत. जागा वाचवायची ती डोकं, म्हणजे मानेच्या टोकाचा खुंट्यांचा भाग, काढून. नेहमीचं सोप्रानो २१ इंचांच्या आसपास भरतं, खुंट्या शेपटाकडे नेल्या की तेच १८ इंचांत बसतं. तारांना मेरूच्या मागच्या भोकांत गाठ मारायची, घोडीवरून नेऊन टोकाला बसवलेल्या पितळी दांडीवरून खाली वळवायच्या आणि पोटात कापलेल्या खिडकीत खुंट्यांवर गुंडाळायच्या. अशा रचनेत तारा घोडीला उपटत नाहीत, खाली दाबतात. त्यामुळे तबलीला (पोटावरच्या पातळ फळीला) आतून, घोडीच्या बरोबर खाली, आडवी पट्टी हवीच.

आता लाकूड. १८७९ साली मदेइरा बेटावरून हवाईत गेलेले, फर्निचरचं काम जाणणारे कारागीर तिथे हे वाद्य घडवू लागले आणि तिथलंच कोआ लाकूड त्यांनी वापरलं. आपल्याकडे सागवान आहे, मग दुसरं शोधायचं कशाला? लकडगंजात नवीन मिळतं, पण माझं मत जुन्याला. महाल भागात एखादा वाडा पाडला की निघणाऱ्या चौकटी, दारांच्या फळ्या बघा. आपला मे महिना ४५ अंशांच्या घरात, हवा कोरडी ठणठणीत, आणि जुलैत तेच लाकूड ओल धरून फुगतं. अर्धवट वाळलेली फळी आडवी आकसते, तबली तडकते आणि पडद्यांची टोकं मानेच्या कडेला बाहेर येऊन बोटांना टोचतात. रेषा लांबीच्या दिशेने सरळ असलेली, बिनगाठीची फळी निवडा. सागात तेल असतं म्हणून जोड चिकटवण्याआधी थिनरने पुसून घ्या. आणि तयार वाद्य उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, पांढरा गोंद उष्णतेने मऊ पडतो.

मान आणि पोट एकाच फळीतून काढा. पोट पटाशीने पोखरून भिंती ५ मिलिमीटर ठेवल्या आणि वर २ मिलिमीटरची तबली लावली की काम झालं. नायलॉनच्या तारांचा ताण कमी असतो, मानेत लोखंडी सळई घालायची गरज नाही.

खरा जीव ओता तो पडद्यांत. उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागायचं, येईल तेवढ्यावर पुढचा पडदा. ३४५ ला भागलं की १९.३६, म्हणजे पहिला पडदा मेरूपासून तेवढ्यावर. उरलेल्या ३२५.६४ ला भागलं की १८.२८, म्हणून दुसरा ३७.६४ वर. बारावा अगदी निम्म्यावर, १७२.५ ला आला पाहिजे; तो चुकला तर पुढे जाऊच नका. खुणा करताना प्रत्येक माप मेरूपासूनच घ्या. पडद्यापासून पडद्यापर्यंत मोजत गेलात तर केसाएवढा फरक साठत जाऊन शेवटी सूर बेसूर होतो. टोकदार पेन्सिलही जाड पडते, मी चाकूच्या टोकाने ओरखडा काढतो आणि बारीक पात्याची करवत त्याच ओरखड्यात बसवतो. घोडी हिशेबापेक्षा दोनेक मिलिमीटर मागे सरकवा, कारण तार दाबली की ताणली जाऊन सूर किंचित चढतो. ती लगेच चिकटवू नका. बाराव्या पडद्यावरचा सूर मोकळ्या तारेच्या बरोबर दुप्पट, म्हणजे तार षड्जासारखा, लागेपर्यंत ती पुढेमागे करत राहा.

सूर लावायला घरातली पेटी पुरते. पांढरी एकला सा धरलात तर वरून खाली चारही तारा प, सा, ग, ध अशा लागतात. पहिली प ची तार मधल्या सप्तकातलीच, सा आणि ग पेक्षा उंच; तिथे जाड तार लावू नका. नव्या नायलॉनच्या तारा काही दिवस ताणत राहतात, तोवर दर वेळी हातात घेतल्यावर सूर पुन्हा लावावा लागेल.