हाडवैर, पण कसलं!

प्रश्न : अमेरिकन फुटबॉलमधल्या शिकागो बेअर्स आणि ग्रीन बे पॅकर्स यांच्यात खरंच हाडवैर आहे का?

उत्तर : मैदानावर आहेच! १९२१ च्या पहिल्या लढतीत शिकागोने (तेव्हा नाव स्टेलीज) २०-० असा विजय मिळवला. पुढे दोनशेहून अधिक सामने झाले. पण माझं मन रमतं ते १९५६ मध्ये. ग्रीन बे हे छोटं शहर. नव्या स्टेडियमसाठी पैसा उभारायचा का, यावर तिथे मतदान होणार होतं. तेव्हा बेअर्सचे मालक जॉर्ज हॅलस स्वतः तिथे गेले आणि स्टेडियमच्या बाजूने बोलले. कट्टर प्रतिस्पर्ध्यासाठी! मला त्यांचा हा मोठेपणा फार भावतो. कौल स्टेडियमच्या बाजूने लागला. १९५७ मध्ये तिथल्या पहिल्याच सामन्यात पॅकर्सनी हॅलस यांच्या बेअर्सना २१-१७ असं हरवलं.