‘अज्ञान’ मुलं आणि बंदूक

रायफल शूटिंगच्या एका वर्गाच्या फलकासाठी केलेलं वाक्य तपासायला आलंय : ‘२१ वर्षांखालील अज्ञान मुलांना शस्त्र बाळगण्यास मनाई आहे.’ विचारणा अशी, की ‘अज्ञान’ अपमानास्पद वाटतं, त्याजागी ‘अल्पवयीन’ घालावं का?

अपमान नाही हो त्यात. कायद्याच्या मराठीतला ‘अज्ञान’ म्हणजे अडाणी नव्हे, स्वतःचे व्यवहार स्वतः करण्याचं वय न झालेला. बाप वारला की सातबाऱ्यावर पोराच्या नावापुढे ‘अ. पा. क. आई’ (अज्ञान पालनकर्ता आई) लागतं, त्यातला ‘अ’ तो हाच. पोरगा शाळेत पहिला येत असला तरी तिथे अज्ञान, आणि अंगठा उठवणारी आई त्याची पालनकर्ती! गंमत म्हणजे ‘मुलगी सज्ञान आहे, मर्जीने लग्न केलंय’ हे आपण सहज बोलतो. सज्ञान चालतं, त्याचा जोडीदार ‘अज्ञान’ तेवढा खटकतो.

चूक वेगळीच आहे. अज्ञान म्हणा की अल्पवयीन, दोन्ही सर्वसाधारणपणे १८ व्या वर्षी संपतं. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ९ मधली अट मात्र २१ ची. मुळात ती १६ होती, १९८३ च्या दुरुस्तीने वाढली. त्यामुळे १९ वर्षांची मुलगी मत देईल, स्वतःच्या नावची जमीन विकेल, पण बंदूक बाळगू शकणार नाही. तिला अज्ञान म्हणणं साफ चूक. इथे विशेषण नकोच, आकडा पुरे.

‘शस्त्र’ही सैल पडतं. तलवार, गुप्ती हीसुद्धा शस्त्रंच, पण या कलमातली वयाची अट बंदूक-पिस्तुलं आणि काडतुसांपुरती आहे. (हातात धरायचं ते शस्त्र, फेकायचं ते अस्त्र, या जुन्या हिशेबात बंदूक शस्त्र आणि गोळी अस्त्र ठरावी. असो.)

‘बाळगणे’ मात्र नेमकं आहे, ते ठेवा. ‘वापरणे’ केलंत तर पंचाईत होईल, कारण ठरलेल्या वयानंतर, अटी पाळून, प्रशिक्षणात बंदूक चालवायला हेच कलम मुभा देतं. नाहीतर तुमच्या वर्गात नेम धरून उभी असलेली शाळकरी पोरं फलक वाचून घरी जायची.

मी असं लिहीन : ‘२१ वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीस बंदूक, पिस्तूल वा काडतुसे बाळगता येणार नाहीत. प्रशिक्षणातील वापर नियमांनुसार.’