काकांना विचारा : वरनं वाळलं, आतनं ओलंच

या महिन्यात तीनच पत्रं घेतोय, कारण पहिल्याचंच उत्तर लांबलंय.

प्रश्न : काका, मी मूळचा मिरजेचा, दोन वर्षं झाली जर्मनीत नोकरीला आहे. इथं १ एप्रिल २०२४ पासनं सज्ञान माणसाला घरात स्वतःपुरती गांजाची तीन झाडं लावायला कायद्यानं परवानगी आहे. मी ऑटोफ्लॉवर जातीच्या तीन बिया लावल्या, कपाटाएवढ्या टेंटमध्ये एलईडी लाईटखाली. एक रोप विसाव्या दिवशी कपातनं मोठ्या कुंडीत हलवलं, फांद्या फुटाव्यात म्हणून त्याच आठवड्यात शेंडा पण खुडला, ते वीतभर उंचीवरच फुलावर आलं आणि तिथंच थांबलं. बाकी दोन झकास आली. पण हीटरच्या खोलीत टांगली, तीन दिवसात फुलं कुरकुरीत झाली म्हणून बरणीत भरली आणि पाचव्या दिवशी झाकण उघडलं तर मुतारीसारखा वास, एका मोठ्या फुलाच्या पोटात राखाडी बुरशी. आई फोनवर विचारते घरात काय लावलंयस, मी टोमॅटो सांगितलंय. चुकलं कुठं?

उत्तर : आईला टोमॅटो सांगितलंस ते तुझं तू निस्तर, मी मधे पडणार नाही. झाडाचं तेवढं बघू. मी गांजा कधी लावला नाही आणि लावणार पण नाही, पण तुझं पत्र वाचताना सारखं वाटत होतं की ह्या दोन्ही चुका आपण द्राक्षात नाहीतर हळदीत कधीतरी केलेल्याच आहेत.

आधी ते वीतभर रोप. साधा गांजा शेवंतीसारखा असतो, रात्र बारा तासाच्या आसपास लांबली की फुलावर येतो, म्हणून तर पॉलिहाऊसवाले रात्री बल्ब लावून शेवंतीचं फूल पुढं ढकलतात, आणि आपल्याकडं ड्रॅगनफ्रूटवाले बल्ब लावतात ते बरोब्बर उलट्या कारणासाठी, त्याला मोठा दिवस लागतो म्हणून. ऑटोफ्लॉवरला दिवस-रात्रीचं काही देणंघेणंच नाही. त्याच्यात रुडेरालिस म्हणून एका रानटी जातीचं रक्त आहे, जानिशेव्स्की नावाच्या रशियन वनस्पतीशास्त्रज्ञानं १९२४ मध्ये तिचं वर्णन केलं. तिकडं उन्हाळा एवढासा, रात्र मोठी व्हायची वाट बघत बसलं तर बी धरायच्या आधी थंडीनं मरायचं, म्हणून त्या झाडानं वय मोजायचं ठरवलं. उगवल्यापासनं तीन-चार आठवडे झाले की फूल, मग झाड हातभर असो नाहीतर कमरेएवढं, आणि अडीच-तीन महिन्यात सगळा खेळ खल्लास.

म्हणजे तुझ्या रोपाला वाढायला मिळाले जेमतेम २५ दिवस. त्यातला आठवडा मुळं दुखावली म्हणून गेला आणि दुसरा शेंडा खुडलेली जखम भरण्यात. आपली हळद आठ-नऊ महिन्यांची, तिला महिनाभर पाण्याचा ताण बसला तरी पुढं सावरायला दिवस असतात, ह्याला दिवसच नाहीत. साध्या जातीत लाईटचे तास वाढवून फूल थांबवता येतं, झाड दुरुस्त करून मग फुलावर आणता येतं, ऑटोमध्ये ते बटणच नाही. त्यामुळं बी थेट शेवटच्या कुंडीतच टाकायचं, शेंडा खुडायच्या ऐवजी फांदी हळूच वाकवून दोरीनं बांधायची, आणि रोप पेलाएवढं असताना दहा लिटरच्या कुंडीत बादलीभर पाणी ओतायचं नाही, रोपाभोवती वर्तुळात थोडं थोडं द्यायचं. लाईट सुरुवातीपासनं शेवटपर्यंत १८ तास ठेवला तरी चालतो. बास, एवढंच.

आता वाळवण्याचं, आणि इथं मी जरा बसून बोलणार.

तासगावच्या बाजूला आमची बेदाण्याची शेड आहे. डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवलेली द्राक्षं रॅकवरच्या जाळीवर पसरली की बेदाणा व्हायला बारा-पंधरा दिवस लागतात, वारं चांगलं असलं तर. एका मार्चमध्ये अवकाळीचं आभाळ आलं, मी घाबरलो आणि दहाव्या दिवशीच रॅक झाडून घेतले. हाताला माल कोरडा लागत होता, अगदी खडखडीत, म्हणून क्रेटमध्ये भरून वर कागद टाकला. चार दिवसांनी व्यापारी आला, त्यानं क्रेटमध्ये कोपरापर्यंत हात घातला, मूठ दाबली, मूठ उघडली, आणि बेदाण्याचा गोळा तसाच तळहातावर बसून राहिला. एक मणी सुटेना. तो काही बोलला नाही, गोळा नाकाशी नेला, परत क्रेटमध्ये टाकला आणि रुमालानं हात पुसत शेजारच्या शेडकडं चालत गेला. वरची साल वाळली होती, गराचं पाणी आतच होतं, बंद क्रेटमध्ये ते सालीवर आलं आणि माल आंबला.

तुझ्या बरणीत हेच झालंय. ताज्या फुलात तीन-चतुर्थांशापेक्षा जास्त पाणी असतं आणि ते आतल्या देठातनं बाहेर यायला वेळ लागतो. हीटरच्या खोलीतली हवा एवढी कोरडी की बाहेरच्या पाकळ्या-पानं दोन दिवसात पापड झाली, पोट मात्र ओलंच राहिलं. तू झाकण लावलंस, आतलं पाणी बाहेर पसरलं, हवा नाही, मग कुजवणारे जिवाणू वाढले आणि तो अमोनियाचा वास सुटला. राखाडी बुरशी म्हणजे बोट्रायटिस, ती तर आपल्या घरचीच, पावसात दाट घडाच्या आत धरते ना द्राक्षाला, तीच ही. घड जेवढा गच्च तेवढी ती खूश, फुलाचंही तसंच, म्हणून सगळ्यात मोठं आणि दिसायला देखणं फूलच आधी गेलं. आणि घाईनं वाळलेलं चांगलं फूल असलं तरी त्याला गवताच्या पेंढीसारखा वास राहतो, कारण पानातला हिरवा रंग मोडायच्या आतच पाणी संपतं.

पुढच्या वेळी फांद्या अंधाऱ्या खोलीत टांग, १८ ते २० अंशाच्या आसपास, हवेतली आर्द्रता ५५ ते ६० टक्के. दीडशे-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक आपल्याकडं मिळतो, तिकडं पण मिळत असंल. पंखा खोलीत फिरू दे पण फुलांवर वारा थेट नको. आठ-दहा दिवस लागले तर लागू देत. बारीक देठ मोडून बघायचा, वाकला तर थांब, कट् करून मोडला तर उतरव. आपल्या हळकुंडाची परीक्षा हीच, मोडलं की खट् असा आवाज यायला पाहिजे. हरिपूरच्या पेवात हळद वर्षानुवर्षं टिकायची ती ह्याच जिवावर, बिनहवेच्या खड्ड्यात जाणारा माल आधी आवाज देणारा असायचा (२००५ च्या महापुरात त्यातली कितीतरी पेवं पाण्यात गेली, तो विषय काढला की आमच्याकडची म्हातारी माणसं अजून गप्प होतात).

बरणीत भरल्यावर पण पहिले दहा-पंधरा दिवस रोज झाकण उघडून हवा खेळवायची. बरणी गच्च भरायची नाही, हलवली की फुलं सुटी वाजली पाहिजेत. घाम आलेला दिसला, काच धुरकट झाली, की सगळं बाहेर काढून परत एक दिवस पसरायचं. आत्ता जे बुरशी धरलंय ते अख्ख्या बरणीसकट फेकून दे, एवढाच भाग काढतो आणि बाकीचं वापरतो हा कंजूसपणा छातीला महागात पडतो.

आणि कायदा तीन झाडांवर संपत नाही. घरात वाळलेला माल ५० ग्रॅमच्या वर ठेवता येत नाही, घरचं उगवलेलं मित्राला फुकट पण देता येत नाही, आणि पोरंबाळं पोचणार नाहीत असं कुलपात ठेवायचं. सुट्टीला येताना बॅगेत बी सुद्धा आणू नकोस.

प्रश्न : विट्याहून लिहितोय. सणाला भांग चालते, मग घरात कुंडीत गांजाचं एकच झाड, तेही औषधापुरतं, लावलं तर कुणाचं काय जातंय? आणि टेंटमध्ये लावलं तर दिसणार पण नाही.

उत्तर : तुमचं जातंय. १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे, नुसतं पान आणि बी त्या व्याख्येत येत नाही, पानाची भांग त्या फटीतनं सुटते. पण झाड लावणं हा वेगळा गुन्हा आहे, कलम २० खाली दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड, त्यात कुंडी का एकर असा फरक नाही. उत्तराखंडमध्ये लायसन घेऊन लावतात ते धाग्याचं हेम्प, ज्यात नशा आणणारा घटक ०.३ टक्क्याच्या आत असतो, त्याचा तुमच्या कुंडीशी संबंध नाही. आणि दिसत नाही म्हणताय, पण फुलावर आलं की वास गल्लीच्या टोकाला जातो. उसाच्या फडात लपवलेली झाडं सापडतात तिथं टेंटचं काय घेऊन बसलाय. औषध पाहिजे असंल तर डॉक्टरकडं जावा.

प्रश्न : दादा, मी वाईची. गॅलरीत आणि घरात लाईटखाली पुदिना, तुळस, ओरेगॅनो लावलंय, छान येतंय. पण पावसाळ्यात वाळवायला घेतलं की पुदिना काळा पडतो. सावलीतच आणि हळूहळूच वाळवते तरी.

उत्तर : ताई, हळूहळू हीच अडचण आहे. वर त्या मिरजकर पोराला मी हळू वाळव म्हणून सांगितलंय आणि तुम्हाला उलटं सांगतोय, पण ते गच्च फूल आहे आणि हे कागदासारखं पान. पातळ पानाला आतलं पाणी बाहेर यायला वेळ लागत नाही, ते जेवढा वेळ ओलं राहील तेवढा वेळ त्यातली एन्झाइम्स काम करत बसतात आणि पान काळं होतं, कापलेल्या वांग्यासारखं. धुताना, चुरगळताना जिथं जखम झाली तिथं आधी काळं पडतं, म्हणून पानं खुडताना बोटानं दाबू नका, धुतल्यावर फडक्यावर टिपून घ्या, एकावर एक पडणार नाहीत अशी पसरा आणि पंखा जोरात सोडा. ऊन नको, रंग उडतो, आणि ४० अंशाच्या वर उष्णता नको, वासाचं तेलच निघून जातं. ओरेगॅनो जाड पानाचं, कमी पाण्याचं, त्याला एवढं लाडावायची गरज नाही.

जुलैमध्ये वाईची हवाच पिळून काढण्यासारखी असते, तेव्हा पंख्यानं पण भागणार नाही. मग फ्रॉस्ट फ्री फ्रिज असंल तर ताटलीत पानं पसरून न झाकता मधल्या कप्प्यात ठेवा, आतली हवा कोरडी असते, काही दिवसात पान हिरवंगार राहून वाळतं. फक्त दुधाचं पातेलं घट्ट झाकून ठेवा, आमच्याकडं एकदा सगळ्यांनी पुदिन्याचा चहा प्यालाय.